ठाणे–कल्याण परिसरातील धनुष्यबाणाची पारध

पायी माग काढून किंवा दबा धरून धनुष्यबाणाने हरणे मारण्याची, उत्तर कोकणातील कातकरी, वारली, ठाकूर, महादेव कोळी इ. आदिवासी जमातींत विसाव्या शतकापर्यंत चालत आलेली शिकारपद्धती. पारध हा शब्द मराठीत एकट्याने केलेल्या आणि गावाने मिळून केलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या शिकारींना लावतात. हत्तीवरून वा मचाणावरून बंदुकीने केलेल्या संस्थानिकांच्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारींविषयी विपुल लेखन झाले. पायी पारधीचा उल्लेख मात्र बहुधा नवलाई म्हणून किंवा जंगलातील गुन्हा म्हणून येतो. तिचा हंगाम, तिची साधने व तिचे नियम हे एका विशिष्ट प्रकारच्या रानाशी जुळलेले होते. ते रान व त्यावरील वहिवाट यांत बदल होत गेला, तसतशी ही पारधही आक्रसत गेली.

ठाकुर्ली हे कल्याण व डोंबिवली यांच्या दरम्यानचे, उल्हास नदीच्या दक्षिणेकडील गाव. त्याच्या एका बाजूस खाडी व खाजण, तर आग्नेयेस मलंगगड आणि त्यामागे माथेरानची डोंगररांग आहे. गावालगतची सखल जमीन भातखाचरांची होती. पारधीचे रान खाचरांच्या पलीकडे, टेकड्यांच्या पायथ्यापासून सुरू होई व पूर्वेस मुरबाड, ईशान्येस माहुली-तानसा, उत्तरेस जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरत जाई. या पट्ट्यातील अरण्य पानझडी असून त्यात साग, ऐन, खैर, मोह, पळस हे वृक्ष व उंच चढावर कारवी आढळते. काळवीट व चिंकारा हे देशावरील उघड्या माळाचे प्राणी येथे नाहीत. येथील पारध सांबर आणि भेकर यांची. चितळ तुलनेने कमी व पिसोरी क्वचितच मिळे. पिसोरी हा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने खऱ्या हरणांत मोडतही नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. माळावर हरीण लांबून दिसते व शिकाऱ्यालाही लांबून पाहते, म्हणून देशावरील पारध्यांनी फासे व जाळी यांची कला वाढविली. झाडीत हरीण दिसते तेच वीस-तीस पावलांवर, आणि साध्या कामठ्याचा खात्रीचा पल्लाही जवळपास तेवढाच असतो.

या पारधीची परंपरा किती जुनी, हे दगडी हत्यारांवरून समजते. के. आर. यू. टॉड यांनी १९३० च्या दशकात मुंबईजवळ कांदिवली व समुद्रकाठच्या इतर ठिकाणी प्रागैतिहासिक हत्यारे गोळा केली. त्यांत सूक्ष्मास्त्रांचाही समावेश होता. गारगोटीच्या जातीच्या दगडांची ही नखाएवढी पाती लाकडी दांड्यात बसवून त्यांचे बाणाग्र करीत, असे मानले जाते. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रांत धनुर्धारी माणसे हरणांच्या मागे धावताना दिसतात. शेतीची सुरुवात झाल्यावरही पारध थांबली नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणांची हाडेही सापडली आहेत.

राजांच्या मृगयेचा इतिहास याहून वेगळा आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या गिरिलेखात पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत व त्यांत मृगया चाले, असे सांगून अशोकाने त्यांऐवजी धर्मयात्रा सुरू केल्याची नोंद आहे. या लेखाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे, म्हणजे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, मिळाला. शिकारीच्या त्यागाची ही घोषणा ज्या बंदरात कोरली गेली, त्याच्या पाठीमागच्या डोंगरांतील लोकांच्या पारधीवर तिचा परिणाम झाला असेल असे वाटत नाही. कारण तो त्याग विलासाचा होता व डोंगरातील पारध पोटाची होती. पुढे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून सविस्तर वर्णिलेला आहे. (सोमेश्वराची राजधानी कल्याणी ही कर्नाटकातील होय, ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत होऊ नये.) बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर धनुर्धारी योद्धे कोरलेले आहेत. युद्धातून धनुष्य बंदुकीमुळे हद्दपार झाले, तरी डोंगरातील पाड्यांत ते टिकून राहिले.

येथील धनुष्याला कामठा म्हणतात. तो जून व भरीव बांबूच्या कामटीचा करीत. बाण वेताचा, बोरूचा किंवा बारीक बांबूचा असे व त्याच्या मागील टोकास पिसे बांधीत. मोठ्या जनावरासाठी लोहाराकडून घडविलेले चपटे, पानाच्या आकाराचे लोखंडी पाते बसवीत, तर पाखरांसाठी लाकडी बोथट टोक पुरे होई. पक्षी व खारी यांकरिता गलोलही वापरात होती. बंदुकीची गोळी आघाताने जनावर पाडते. बाण तसे करीत नाही. त्याच्या पात्याने झालेल्या जखमेतून रक्त जाऊन जनावर काही अंतरावर पडते. त्यामुळे बाण सोडल्यानंतर पारध अर्धीच झालेली असते. लागलीच पाठलाग केला तर जखमी सांबर जीव घेऊन दूर पळते आणि हाती लागत नाही. म्हणून शिकारी जागीच थांबून वाट पाहतो व मग रक्ताचे थेंब, मोडलेली गवताची काडी, उलटलेले पान यांवरून माग काढतो. नेम चांगला असणाऱ्यापेक्षा माग काढणाऱ्याला जमातीत मान अधिक, तो या कारणाने.

हंगामाची सुरुवात हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग होय. पावसाळ्यात पारध बहुतेक बंद असे. त्यामागे धार्मिक निषेधापेक्षा व्यवहार अधिक होता : गवत पुरुषभर वाढलेले, ओली दोरी सैल पडणारी, भिजलेली पिसे बाणाला दिशा न देणारी आणि घरातील प्रत्येक हात शेतात गुंतलेला. आश्विनात पाऊस ओसरला की वरी, नाचणी व भात यांच्या कणसांवर रानडुकरे, भेकरे आणि रात्री सांबरे येऊ लागत. शेताच्या राखणीसाठी माळा बांधून त्यावर रात्र काढावी लागे. वर्षातील पहिली शिकार पुष्कळदा या राखणीतूनच होई. पिकाचे रक्षण व मांसाचा लाभ या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नव्हत्या.

दसरा-दिवाळीनंतर गवत पिवळे पडे व त्याची कापणी सुरू होई. ठाणे जिल्ह्याचे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे व त्याची कापणी हे आदिवासींचे मोठे मजुरीचे काम होते. १९४६ मध्ये वारल्यांनी केलेल्या संपात गवतकापणीच्या मजुरीचा दर ही एक प्रमुख मागणी होती. कापणीमुळे रान मोकळे होई व जनावर दिसू लागे. जमीन मात्र अद्याप ओलसर असे, पहाटेच्या दवाने पाचोळा मऊ राही आणि चिखलात खुरांचे ठसे स्पष्ट उमटत. कार्तिक-मार्गशीर्षातील हे काही आठवडे अनवाणी पायांनी जनावराच्या जवळ जाण्याचे खरे दिवस होत. सांबरांचा माजाचा काळही साधारणतः याच सुमारास येतो. पावसाळ्यात नराच्या शिंगांवर असलेले मखमली आवरण गळून ती कठीण झालेली असतात. नर डरकतात, चिखलात लोळतात, झाडांना शिंगे घासतात आणि एरवीचा सावधपणा थोडा विसरतात. घासलेल्या सालीची उंची व ताजेपणा पाहून नर केवढा व तो कधी गेला, हे जाणकार सांगत.

शिकारी पहाटे निघे. वारा जनावराकडून आपल्याकडे वाहत असेल अशा बाजूने तो चढण घेई. चिमूटभर राख किंवा माती सोडून वाऱ्याची दिशा पाहण्याची रीत सर्वत्र आहे. हरणाची दृष्टी हालचाल चटकन टिपते, पण स्तब्ध माणसाला ते सहसा ओळखत नाही. त्याचे नाक मात्र चुकत नाही. यामुळे दिसण्यापेक्षा वास लागण्याची धास्ती मोठी. वाटेत वानरांचा इशारा, भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे किंवा सांबराचा एकच मोठा, घंटेसारखा आवाज झाला, तर त्या दिवशी ती खोरी सोडून दुसरीकडे जावे लागे. अनेक दिवस रिकाम्या हाताने परतण्याचे असत. पायी पारधीने रान ओस पडत नसे, याचे कारण शिकाऱ्याच्या संयमात शोधण्यापेक्षा या अडचणींत शोधणे अधिक योग्य ठरेल.

पौष-माघात सागाची पानगळ सुरू झाली की हा काळ संपे. वाळलेल्या सागपानावर पाऊल पडल्याचा आवाज दूरवर जातो. जवळ जाणे अशक्य होते. तेथून पुढे चालण्याऐवजी बसण्याची पारध सुरू होई. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात व ती खायला हरणे झाडाखाली येतात. वैशाखात ओढे आटून मोजकेच पाणवठे उरतात. अशा ठिकाणी झाडावर किंवा दगडांच्या आडोशाला बसून बाण सोडणे तुलनेने सोपे, आणि म्हणूनच जनावरांना अधिक घातक होते. सांबराच्या माद्या या दिवसांत गाभण असतात. हंगामारंभीची कष्टाची पारध आणि उन्हाळ्यातील पाणवठ्यावरची पारध यांत या दृष्टीने मोठे अंतर आहे. ‘आदिवासी निसर्ग राखूनच शिकार करीत’ असे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही. तसेच ‘आदिवासींनीच रान संपविले’ हेही टिकत नाही.

सामूहिक पारधीत काहीजण आरोळ्या ठोकीत, ढोल वाजवीत रान हाकीत व धनुर्धारी नाक्यानाक्यांवर उभे राहत. काही ठिकाणी वाघूर नावाचे जाळे लावीत. वाटणीचे नियम ठरलेले असत. पहिला बाण ज्याचा, त्याचा मान वेगळा. पण हाकाऱ्यांनाही वाटा असे व कुत्र्याच्या मालकाला कुत्र्याचा वाटा मिळे. सांबरासारखे मोठे जनावर एका घराला पुरवून खाणे शक्य नव्हते. आज दिलेल्या मांसाची परतफेड उद्याच्या मांसाने होई. साठवणीची सोय नसलेल्या समाजात शेजाऱ्याचे पोट हीच साठवण असे. वसंतातील सामूहिक शिकार ही कोकणापुरती मर्यादित नाही. मेवाडच्या राजपुतांत फाल्गुनातील ‘अहेरिया’ प्रसिद्ध होती. वारली चित्रांत धनुष्य ताणलेले पुरुष व शिंगे असलेली हरणे वारंवार आढळतात. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रकला लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली, त्या काळात त्यांत दिसणारी शिकार प्रत्यक्षात जवळजवळ संपली होती.

या ऱ्हासाची सुरुवात लोहमार्गापासून धरता येते. मुंबई-ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १८५४ मध्ये तो ठाकुर्लीच्या शिवारातून कल्याणपर्यंत गेला. १८६५ पर्यंत थळ व बोर हे दोन्ही घाट लोहमार्गाने ओलांडले गेले. वाफेच्या गाड्या, मुंबईची घरबांधणी व चुली यांसाठी लाकूड आणि कोळसा यांची मागणी वाढली आणि ती ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतून भागविली जाऊ लागली. कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबत. ज्या रानात पूर्वी पारध केली, तेच रान तोडून जाळण्याची मजुरी त्यांच्या वाट्यास आली. जंगल तोडण्याइतकेच ते राखण्याचे धोरणही शिकाऱ्याच्या विरोधात गेले. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलांत शिकार, मासेमारी, फासे लावणे यांवर शासकीय नियमांचे बंधन आले. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याच्या वहिवाटीवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला व त्याच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक आयोग नेमावा लागला. राबासाठी आवाज उठविणारे जमीनदार व शेतकरी होते. पारधीच्या हक्कासाठी तसा आवाज उठविणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षीच्या, म्हणजे १८७८ च्या, शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत तोफा-बंदुकांबरोबर धनुष्यबाणाचाही नामनिर्देश आहे. हत्यार म्हणून कामठा संशयास्पद ठरला, तर शिकारीचे साधन म्हणून तो ‘शिकारी’ या शब्दाच्या प्रतिष्ठित अर्थात कधीच बसला नाही. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत हरणांचा समावेश होऊन बंद हंगाम जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. यामुळे एकाच रानात दोन हंगाम आले : एक गवत व पानगळ यांनी ठरणारा आणि दुसरा राजपत्रातील तारखांनी ठरणारा. राजपत्र ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या बाबतीत पहिला हंगाम पाळणे म्हणजे दुसरा मोडणे, असे होण्याचा संभव सदैव होता.

संरक्षणाची निकड खोटी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, प्रखर दिवे आणि सुलभतेने मिळणाऱ्या बंदुका यांमुळे रस्त्यालगतच्या जंगलांत रात्रीची कत्तल वाढली. मुंबईतील १८८३ मध्ये स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेच्या अभ्यासकांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला. मुंबई राज्याचा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम (१९५१) होण्यात त्या संस्थेचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा पुढचा टप्पा. आरंभी त्यात परवान्याने शिकारीची तरतूद होती. परंतु मोठ्या शिकारीच्या प्राण्यांसाठी रायफल हेच मान्य साधन होते आणि पाणवठ्यावर बसून शिकार करण्यास मनाई होती. परवाना मिळविणे आदिवासीला कठीण होतेच. पण तो मिळाला असता तरी कामठ्याने सांबर मारणे त्याच्या कक्षेत आले नसते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही व्यवस्थाच रद्द झाली. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क या कायद्याने अबाधित ठेवले आहेत. मुख्य भूमीवरील जमातींना अशी सवलत नाही.

अमेरिकेतील घटनाक्रम याच्या उलट आहे. तेथे इशी हा याही जमातीतील अखेरचा मनुष्य १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांपुढे आला. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून १९२३ मध्ये तीवर ग्रंथ लिहिला आणि गोऱ्या नागरिकांत धनुष्याने हरणे मारण्याचा छंद पसरला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम ठेवला. आता त्या देशातील अनेक राज्यांत बंदुकीच्या आधी, शरदात धनुष्याचा हंगाम उघडतो. ज्या जमातीचा वारसा, ती नामशेष झाली व तिची कला खेळ म्हणून उरली. ठाणे जिल्ह्यात जमाती राहिल्या व कला बेकायदा ठरली.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने कसण्याच्या जमिनी, गौण वनोपज, चराई, पाणी यांवरील परंपरागत हक्क मान्य केले. त्यात नमूद न केलेल्या इतर पारंपरिक हक्कांनाही एका खंडाने मान्यता दिली आहे. मात्र त्याच खंडात वन्य प्राण्याची शिकार करण्याचा किंवा त्याला फासात पकडण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. वनाच्या वहिवाटीला कायद्याने एवढी व्यापक मान्यता देताना नाव घेऊन बाजूला ठेवलेली वहिवाट ही एकच.

ठाकुर्लीस १९२० च्या दशकाअखेरीस रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी वीजकेंद्र उभे राहिले. गाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेत समाविष्ट झाले व भातखाचरांवर इमारती आल्या. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वारल्यांची बहुसंख्य वस्ती तिकडे गेली. कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात असून वीटभट्ट्यांवरील हंगामी मजुरी हे तिच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन आहे. भट्ट्यांचा हंगामही पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पूर्वी कामठ्याला नवी दोरी चढविण्याचे जे दिवस होते, त्याच दिवसांत अनेक कुटुंबे घर बंद करून भट्टीवर जातात. सांबर, चितळ व भेकर यांची वस्ती मुख्यतः बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर आणि १९७० मध्ये घोषित झालेले तानसा अभयारण्य यांत उरली आहे. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजदाद करते. या कामी माग ओळखणारे स्थानिक आदिवासी सोबत घेतले जातात.